रॉकीच्या पायथ्याशी गिटारचा आठवडा: लायन्सला जावं का, आणि जायचं तर तयारी काय करावी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वय 44, नाशिकला बँकेत नोकरी, पाच वर्षं गिटार शिकताय, हिंदी-मराठी गाणी कॉर्ड धरून म्हणता येतात, भाऊ अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या डेन्व्हर शहराजवळ राहतो आणि पुढच्या जुलैत त्याच्याकडे जाणं होणारच आहे, तर तिथून तासाभरावर लायन्सला रॉकीग्रास अकॅडमी नावाचं आठवड्याचं वर्कशॉप असतं आणि त्याला जोडून तीन दिवसांचा महोत्सव, तिथं जावं का, आपली लेव्हल पुरेल का, गिटार इथून न्यावी का, आणि एवढे पैसे घालून हाती काय लागेल. मी गेली सतरा वर्षं डेन्व्हर भागात आहे, संध्याकाळी गिटार शिकवतो, या अकॅडमीला स्वतः विद्यार्थी म्हणून चार वेळा जाऊन आलोय आणि माझ्याकडच्या दहा-बारा जणांना पाठवलंय. त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

आधी सरळ उत्तर: जा, नक्की जा. फक्त सोलो शिकायच्या आशेने जाऊ नका. स्केल, लिक्स म्हणजे छोटे ठरलेले तुकडे, सोलो हे सगळं हल्ली घरबसल्या यूट्यूबवर मिळतं, आणि तिथं शिकवणाऱ्याला हवं तितक्या वेळा मागे नेऊन परत बघता येतं. घरी काय मिळत नाही, तर समोर सात अनोळखी माणसं गोल करून बसलीत, कुणासमोर कागद नाही, गाणं कुठलं ते आत्ता या क्षणी कळलंय, आणि पुढची तीन-चार मिनिटं तुमच्या हातातला ठेका जागचा हलता कामा नये. लायन्सला हे मिळतं, सकाळी वर्गात मिळतं आणि रात्री मुक्कामाच्या तंबूंच्या मध्ये मिळतं, आणि मी खात्रीने सांगतो, पाच वर्षं एकट्याने वाजवलेल्या माणसाला या एका आठवड्यात जो फरक पडतो तो पुढच्या दोन वर्षांच्या क्लासने पडत नाही.

जागेबद्दल आधी सांगतो कारण त्याचा तयारीशी संबंध आहे. पूर्वेकडचा सपाट माळ जिथं संपतो आणि रॉकीचे डोंगर उभे राहतात बरोबर त्या वळचणीला लायन्स हे छोटंसं गाव आहे, उंची साधारण 1,640 मीटर. तुम्ही नाशिकच्या म्हणून सांगतो, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याइतकी. तिथं मात्र ही उंची पायथ्याची धरतात. महोत्सवाच्या मैदानाच्या एका बाजूला लाल वालुकाश्माचा उंच कडा, संध्याकाळचं ऊन पडलं की तो आतून पेटल्यासारखा दिसतो, दुसऱ्या बाजूने सेंट व्रेन नदी वाहते, वितळलेल्या बर्फाचं पाणी, जुलैतही पाय टाकला की मिनिटभरात बधिर होतात, आणि लोक त्यातच खुर्च्या टाकून बसतात. हाच लाल दगड नेऊन बोल्डरच्या विद्यापीठाच्या इमारती बांधल्यात. वर घाटाने 30-35 किलोमीटर गेलं की एस्टेस पार्क आणि रॉकी माउंटन नॅशनल पार्क, तिकडे भावाबरोबर नंतर जा, वर्कशॉपच्या आठवड्यात जायला वेळ काढू नका, मी पहिल्या वर्षी एक दुपार तिकडे घालवली आणि नेमका त्या दुपारचा ऱ्हिदमचा वर्ग बुडाला, अजून रुखरुख आहे.

हीच नदी सप्टेंबर 2013 मध्ये अशी फुगली की सगळं गाव तुकड्या-तुकड्यांत तुटलं, रस्ते वाहून गेले, महोत्सवाचं मैदान पाण्याखाली गेलं. सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना 2019 आठवेल, तसंच. पुढच्या जुलैत मी फक्त महोत्सवाला गेलो होतो, नदीकाठ ओळखू येत नव्हता, पण स्टेज उभं होतं आणि लोक आले होते. हे मुद्दाम सांगतो कारण तिथले नेहमीचे लोक या जागेला फार जपतात. कचरा, पाणी, झाडं याबाबतीत तुम्हालाही कुणी हसतमुखाने टोकलं तर वाईट वाटून घेऊ नका.

आता संगीताचं. हा ब्लूग्रासचा महोत्सव आहे, 1973 पासून चालू. बिल मन्रो नावाचे केंटकीचे मँडोलिनवादक, त्यांच्या बँडचं नाव ब्लू ग्रास बॉइज, त्यावरून या सगळ्या प्रकाराला ब्लूग्रास म्हणायला लागले. गिटार, मँडोलिन, बँजो, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिन, डबल बेस, कधी डोब्रो नावाची आडवी धरून वाजवायची गिटार, आणि ड्रम नाही. ड्रम नाही हे लक्षात ठेवा, कारण तुमच्या दृष्टीने सगळं त्यात आहे. ताल धरायला वेगळा माणूस नसल्यामुळे तो सगळ्यांनी मिळून धरायचा असतो: बेस पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर धुम देतो, मँडोलिन दुसऱ्या आणि चौथ्यावर तुटक ‘चॉप’ मारतं, आणि गिटार दोन्हीच्या मध्ये बसून दोन्ही करते, आधी खालची एक तार आणि मग कॉर्ड, ज्याला तिथं बूम-चक म्हणतात. भजनी मंडळात मृदंगाचा घुमारा आणि टाळ डोळ्यांसमोर आणा, बेस म्हणजे मृदंग, मँडोलिनचा चॉप म्हणजे टाळ, आणि तुम्ही मध्ये बसून दोघांना बांधून ठेवणाऱ्या. हे एकदा डोक्यात बसलं ना की “मला फक्त कॉर्ड वाजवता येतात” हे वाक्य तुम्ही परत म्हणणार नाही. कॉर्ड वाजवणारा माणूसच तिथं पाहिजे असतो. सोलो वाजवणारे प्रत्येक झाडाखाली दोन-दोन सापडतात, ठेका न हलवणारी गिटार सापडली तर लोक तुम्हाला शोधत तंबूपर्यंत येतात.

गिटारने धून वाजवायची जी पद्धत तिथं शिकवतात तिला फ्लॅटपिकिंग म्हणतात, म्हणजे एकाच पिकने, तार छेडायच्या छोट्या चपट्या चकतीने, फिडलच्या धुना गिटारवर काढायच्या. यातलं मोठं नाव डॉक वॉटसन (1923 ते 2012), लहानपणीच दृष्टी गेलेले, एका नाचाच्या बँडमध्ये फिडलवाला नव्हता म्हणून फिडलच्या धुना ते इलेक्ट्रिक गिटारवर वाजवायला लागले आणि पुढे तेच अकूस्टिकवर आणलं. मग क्लॅरेन्स व्हाइट, आणि त्यांच्यानंतर टोनी राइस, जे 2020 च्या नाताळात गेले. क्लॅरेन्स व्हाइट यांची 1935 ची मार्टिन कंपनीची डी-28 गिटार पुढे टोनी राइस यांच्याकडे आली, तिचं भोक नेहमीपेक्षा मोठं केलेलं आहे, आणि निम्मे फ्लॅटपिकिंगवाले अजून त्या आवाजाच्या मागे आहेत. या तिघांना जायच्या आधी भरपूर ऐका. वाजवून बघू नका एवढ्यात, नुसतं ऐका, स्वयंपाक करताना, बँकेत जाताना. कान तयार होऊन गेला तर वर्गात सांगितलेलं निम्मं आधीच ओळखीचं वाटतं.

लेव्हलचं. नोंदणी करताना स्वतःची लेव्हल स्वतःच ठरवून सांगायची असते आणि इथं बहुतेक लोक एक पायरी वरची निवडतात, मीही निवडली होती. पहिल्या दिवशी शिक्षकाने वर्गात दहा-बारा जणांना फक्त जी, सी आणि डी एवढ्या तीन कॉर्डवर सात-आठ मिनिटं सलग ऱ्हिदम धरायला लावला, सोलो नाही, काही नाही, आणि स्वतः मधून फिरत राहिला. माझ्यासमोर येऊन थांबला, ऐकलं, मग हलकेच माझ्या तारांवर हात ठेवून आवाज बंद केला आणि म्हणाला, तुझा डावा हात कॉर्डला उशीर करतोय आणि उजवा हात त्याची भरपाई म्हणून पुढच्या मात्रेला घाई करतोय. तेव्हा मी चौदा वर्षं वाजवत होतो आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उपायही त्याने तिथंच दिला: कॉर्ड बदलायच्या आधीचा जो शेवटचा वर जाणारा फटका असतो तो मोकळ्या तारांवर पडू दे, डावा हात त्या अर्ध्या मात्रेत आधीच उचल, ऐकणाऱ्याला मोकळ्या तारा खटकत नाहीत, उशिरा आलेली मात्रा मात्र खटकते. आज रात्री करून बघा, कुठल्याही गाण्यावर. तुमची लेव्हल पुरेल का याचं माझं उत्तर हेच आहे, की जी, सी, डी, ए, ई, ई मायनर, ए मायनर या कॉर्ड न बघता बदलता येत असतील आणि मेट्रोनोमबरोबर, म्हणजे ठेक्याची टिकटिक देणाऱ्या यंत्राबरोबर, दोन मिनिटं न सांडता वाजवता येत असेल तर सुरुवातीच्या वर्गाला तुम्ही आरामात बसाल. वरचा वर्ग मागू नका. खालच्या वर्गात बसून पक्कं झालेलं घरी घेऊन येता येतं, वरच्या वर्गात धावत राहिलं की फक्त वही भरते.

आता जॅम, कारण खरी शाळा तीच. वर्ग सुटले की संध्याकाळपासून मैदानात, नदीकाठी, तंबूंच्या मध्ये लहान लहान गोल बसतात आणि रात्री उशिरापर्यंत चालतं. आपल्याकडे गावात चक्री भजन असतं ना, एकाने धरलं, संपवलं की पुढच्याने धरायचं, तसंच. गोलातला एक जण गाणं सांगतो, स्केल सांगतो, दोन-चार मात्रांत उचलतो, मग कडवं झालं की डावीकडे किंवा उजवीकडे क्रमाने प्रत्येकाला धून वाजवायची पाळी येते. पाळी नको असेल तर नुसती मान हलवायची, कुणाला वाईट वाटत नाही, मी पहिल्या वर्षी तीन दिवस मान हलवत होतो. संपवायचं असलं की गाणं धरणारा एक पाय उचलतो. तो पाय बघायला शिका, नाहीतर सगळे थांबल्यावर तुमची एकटीची कॉर्ड वाजत राहते.

बसण्याचे काही रिवाज आहेत जे कुणी लिहून देत नाही. गोलात बसायच्या आधी विचारा, “बसू का?” एवढंच. खूप वेगात चाललं असेल तर गोलाच्या बाहेर एक पाऊल मागे बसून हळू आवाजात वाजवा, ते मान्य असतं आणि शिकायला ती सगळ्यात चांगली जागा आहे. दोन गाण्यांच्या मधल्या वेळात आपलं काही तरी छेडत बसू नका. दुसरा कुणी धून वाजवत असेल किंवा गात असेल तेव्हा तुमच्या गिटारपेक्षा त्याचा आवाज तुम्हाला जास्त ऐकू आला पाहिजे, येत नसेल तर तुम्ही मोठ्याने वाजवताय. आणि एका गोलात गिटारवाले आधीच चार असतील तर दुसरा गोल शोधा, पाचवी गिटार कुणालाच नको असते. स्लो जॅमच्या, म्हणजे सावकाश वाजवणाऱ्या गोलांच्या, पाट्या असतात, पहिले दोन दिवस तिथंच बसा.

कॉर्ड आधी माहीत नसताना पकडायच्या कशा, तर दोन गोष्टी. एक, समोरच्या गिटारवाल्याचा डावा हात बघायचा, त्यासाठी आतापासून आरशासमोर बसून जी, सी, डी समोरून कशा दिसतात ते डोळ्यांत बसवा. दुसरी, तिथं लोक कॉर्डचं नाव न सांगता आकडा सांगतात, वन, फोर, फाइव्ह. आपल्याला हे परकं वाटायचं कारणच नाही, वन म्हणजे सा, फोर म्हणजे म, फाइव्ह म्हणजे प, आणि सिक्स मायनर म्हणजे ध वर बसणारी मायनर कॉर्ड. पांढरी पाचमध्ये गायचं तर सा जी वर, म सी वर, प डी वर. स्केल बदलला तरी सा-म-प तेच. आपल्या गाणाऱ्या बायका किती सहज “काळी एक घ्या” म्हणतात आणि पेटीवाला सरकतो, गिटारवाला तसंच कापो, म्हणजे मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, सरकवतो: जी चे आकार धरून दुसऱ्या फ्रेटवर कापो लावला की ए, म्हणजे पांढरी सहा, चौथ्यावर लावला की बी, म्हणजे पांढरी सात, आणि सी चे आकार धरून दुसऱ्यावर लावला की डी. ब्लूग्रासमध्ये पुरुष गायक बी फार घेतात, तेव्हा एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या बार कॉर्डशी झटापट करू नका, कापो लावा. तुम्ही हार्मोनियम शिकलाय असं लिहिलंय तुम्ही, तर तुम्हाला हे तिथल्या निम्म्या लोकांपेक्षा लवकर जमेल.

धुना तीनच तयार करून न्या, सावकाश पण न अडखळता. ‘ओल्ड जो क्लार्क’ ए मध्ये वाजते आणि तिच्यात कोमल निषाद लागतो, म्हणजे खमाज थाटाचेच स्वर, तुमचा कान लगेच ओळखेल. ‘ब्लॅकबेरी ब्लॉसम’ जी मध्ये आहे आणि दुसऱ्या भागात ई मायनरला जाते, तिथं नवशिके हमखास चुकतात. तिसरी ‘सॉल्ट क्रीक’. तिन्हींचा साचा एकच, पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा, प्रत्येक भाग आठ बारचा. मेट्रोनोम लावाल तेव्हा त्याचा टिक पहिल्या मात्रेवर न धरता दुसऱ्या आणि चौथ्यावर धरा, म्हणजे तो मँडोलिनचा चॉप आहे असं समजा. आठवडाभर वैताग येईल, मग एक दिवस अचानक तो टिक तुमच्याबरोबर वाजायला लागेल. पिक जाड घ्या, निदान एक मिलिमीटर, हिंदी गाण्यांच्या स्ट्रमिंगला आपण जी पातळ लवचिक पिक घेतो तिने त्या गोलात तुमचा आवाज पोचणार नाही, अॅम्प्लिफायर तिथं नसतो.

गिटार न्यावी का, हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात नाजूक भाग, इथं मी माझं नुकसान सांगतो. मी 2008 च्या पावसाळ्याच्या शेवटी पुण्याहून माझी सॉलिड टॉपची, म्हणजे वरची फळी प्लायची नसून अस्सल लाकडाची असलेली, गिटार घेऊन आलो. पुण्यात हवेत तेव्हा 80 टक्क्यांच्या वर ओल, इथं घरात हीटर सुरू झाल्यावर वीसच्या आसपास. तीन आठवड्यांत फिंगरबोर्डच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागली. लाकूड रुंदीला आकसतं, धातूचा फ्रेट आकसत नाही, म्हणून टोक बाहेर येतं, ही पहिली सूचना असते आणि मला ती कळली नाही. मग टॉप आत बसला, अॅक्शन म्हणजे तारांची मानेपासूनची उंची खाली आली, तारा खरखरायला लागल्या. आणि एका रात्री अंधारात “टक्” असा आवाज आला, सकाळी बघतो तर ब्रिजच्या, तारा अडकवायच्या लाकडी पट्टीच्या, खालून कडेपर्यंत केसासारखी बारीक चीर. इथल्या एका कारागिराने ती आठवडाभर ओलाव्यात ठेवून चीर मिटवली, आतून रेषेला आडव्या चार लाकडी चकत्या चिकटवल्या, गिटार वाजते अजून, पण हात तिथून फिरला की आजही मला ती चीर लागते. आपल्याकडे पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं, हे त्याचंच उलट.

म्हणून तुमची गिटार प्लायची असेल तर बिनधास्त आणा, प्लाय या फरकाला फारशी दाद देत नाही. सॉलिड टॉप असेल तर शक्यतो आणू नका, भावाला सांगून इथं भाड्याने किंवा वापरलेली चांगली ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या अंगाची गिटार, बघून ठेवायला सांगा, आणि तुम्ही आल्यावर पहिले चार दिवस तीच वाजवा म्हणजे मानेची जाडी आणि अॅक्शन हाताला सवयीची होईल. आणायचीच असेल तर हार्ड केस, आत दोन्हीकडून ओल सांभाळणारी पाकिटं, 45 ते 55 टक्के ओल ही गिटारला मानवते, आणि केसमध्ये एक छोटा आर्द्रतामापक. प्रवासात तारा एखादा सूर उतरवा, पूर्ण ढिल्या करायची गरज नाही, पण हेडखाली कपड्याची घडी नीट बसवा, गिटारी बहुतेक तिथंच मोडतात. अमेरिकेतल्या विमान कंपन्यांना 2015 पासून लागू असलेल्या नियमाने, वरच्या कप्प्यात जागा असेल तर गिटार केबिनमध्ये घेऊ द्यावी लागते, पण जागा संपली की तो हक्कही संपला, म्हणून बोर्डिंगला पहिल्या गटात उभं राहता येईल असं तिकीट बघा. मुंबईहून निघणाऱ्या, अमेरिकेच्या नसलेल्या कंपनीला हा नियम लागू नाही, तिकडचं त्यांना आधी लेखी विचारा.

रोजवुडची भीती तुम्ही विचारलीत. 2017 च्या जानेवारीपासून रोजवुडच्या वाद्यांना आंतरराष्ट्रीय परवान्याची भानगड होती हे खरं, पण 2019 च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोजवुडवर मात्र निर्बंध अजून कडक आहेत, जुनी महागडी गिटार असेल तरच तो प्रश्न. तुमच्या गिटारच्या पाठीला जे भारतीय रोजवुड आहे ते म्हणजे आपलं शिसव. मार्टिन कंपनीने 1969 मध्ये ब्राझीलचं सोडून नेहमीच्या गिटारींना तेच घ्यायला सुरुवात केली. तिथं कुणी त्याचं कौतुक केलं तर सांगा अभिमानाने, हे झाड आमच्या सह्याद्रीत होतं, आमच्या आजीचं कपाट याचं होतं.

तिथं गेल्यावर गिटारला तीन गोष्टींपासून जपा. बंद गाडीत ठेवू नका, दहा मिनिटंही नाही, उन्हात सरस मऊ होतो आणि ब्रिज उचलला जातो. सनस्क्रीन आणि डासांचं औषध लावलेल्या हाताने लॅकरला हात लावू नका, पॉलिश कायमचं चिकट होतं, फुल बाह्यांचा पातळ सुती शर्ट घाला म्हणजे कोपरही वाचेल आणि पॉलिशही. आणि दुपारी दोन-तीनच्या सुमाराला आभाळ बघत राहा, जुलैत त्या डोंगरात दुपारची वीज-पावसाची सर जवळपास ठरलेली, वीस मिनिटांत ऊन जाऊन टपोरे थेंब, तेव्हा केसची कडी लावलेली असली पाहिजे. विजा चमकत असतील तर झाडाखाली थांबू नका, पक्क्या छताखाली जा.

शरीराचं. उंचीमुळे पहिले दोन दिवस डोकं दुखू शकतं, धाप लागू शकते, पाणी सतत पीत राहा, म्हणून भावाकडे निदान चार-पाच दिवस आधी पोचा, जेट लॅगही जाईल. दिवसा तिशीच्या वर तापमान आणि रात्री बारा-तेरापर्यंत उतरतं, स्वेटर लागतोच, थंड बोटांनी कॉर्ड बसत नाहीत. बोटांचं सांगतो, रोज पाऊण तास वाजवणारा माणूस तिथं एकदम सहा-सात तास वाजवतो आणि तिसऱ्या दिवशी बोटाला फोड येतो किंवा मनगट धरतं. मे महिन्यापासून दर आठवड्याला थोडं वाढवत रोजचे दोन-अडीच तास करा, मध्ये विश्रांती घेऊन, म्हणजे टोकांना घट्टे नीट पडतील. नदीत हात-पाय बुडवून लगेच वाजवायला बसू नका, भिजलेला घट्टा मऊ होतो आणि तार त्यात शिरते. हा धडा मी रक्ताळलेल्या तर्जनीवरून शिकलोय.

एकटीने तंबूत राहायचं का, असं विचारलंत. राहा. रोज भावाकडून ये-जा करायचा मोह होईल, पण रात्रीच्या जॅमसाठीच तर जायचंय. माझ्या विद्यार्थिनींपैकी तिघी एकट्या जाऊन राहिल्यात, त्यांना एकदाही अडचण आली नाही, कुटुंबं असतात, लहान मुलं फिडल घेऊन फिरत असतात, सत्तरीच्या आज्या बँजो वाजवत असतात. सोबत डोक्याला लावायचा टॉर्च, क्लिपचा ट्यूनर, तारांचे दोन सेट, आणि बिनहाताची घडीची खुर्ची घ्या. खुर्चीला हात असले की गिटार मांडीवर बसत नाही, एवढी साधी गोष्ट पण दर वर्षी निम्मे लोक चुकीची खुर्ची घेऊन येतात. जेवण शाकाहारी मिळतं, तरी वहिनीला सांगून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या, दोन-तीन दिवस आरामात टिकतं आणि शेजारच्या तंबूशी ओळख होते.

आपलं काही वाजवावं का? हो, वाजवाच. दुसऱ्या वर्षी एका रात्री गोलात माझी पाळी आली तेव्हा मी घाबरत एका अभंगाची चाल धरली, सांगितलं एवढंच की जी मध्ये, वन आणि फोर, शेवटी फाइव्ह. ताल केहरव्यासारखाच असल्यामुळे बेसवाल्याने दुसऱ्या ओळीला पकडलं, आणि फिडल वाजवणाऱ्या बाईंनी धृपद संपायच्या आत ती चाल उचलून असं काही मींडेने परत दिली की मला पुढची ओळच म्हणता येईना. नंतर त्यांनी विचारलं की ही कुठली, कशाबद्दल आहे, मी पंढरपूर, वारी, चालत जाणं हे सगळं सांगितलं, त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या परत एकदा वाजवू, या वेळी सावकाश. तुम्ही दोन चाली अशा तयार ठेवा, एक केहरव्यातली आणि एक दादऱ्यातली. दादरा धराल तेव्हा नुसतं ‘वॉल्ट्झ’ म्हणा, सगळे बरोबर येतील.

शेवटचे तीन दिवस महोत्सवाचे, म्हणजे बसून ऐकणं, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, सतरंजी टाका आणि ऐका. एवढंच करा की ज्याच्या वर्गात तुम्ही चार दिवस बसलात तो शिक्षक स्टेजवर येईल तेव्हा त्याच्या उजव्या हाताकडे बघा, बाकी सगळं विसरून.

पैशाचं स्पष्ट सांगतो. विमानाचं भाडं भावासाठी होणारच आहे म्हणून हे परवडतं, नुसत्या वर्कशॉपसाठी नाशिकहून या असं मी सांगितलं नसतं. टुरिस्ट व्हिसावर असा छोटा, पदवीशी संबंध नसलेला छंदाचा कोर्स करता येतो, वेगळा व्हिसा लागत नाही. अकॅडमीच्या जागा फार लवकर भरतात, तेव्हा आदल्या वर्षाच्या अखेरीपासूनच त्यांच्या वेबसाइटवर लक्ष ठेवा आणि नोंदणी उघडेल त्या दिवशी भावाला कॉम्प्युटरसमोर बसवा. तुमचा ओढा बोटांनी वाजवायच्या फिंगरस्टाइलकडे जास्त असेल तर नॉर्थ कॅरोलायनात अॅशव्हिलजवळच्या ब्लू रिज डोंगरात स्वानानोआ गॅदरिंग भरतं, त्यात गिटारचा वेगळा आठवडा असतो, पण तुमच्या लिहिण्यावरून मला तरी लायन्सच बरोबर वाटतं, तुम्हाला माणसांबरोबर वाजवायचंय.

परतीचं एक राहिलं. ऑगस्टमध्ये नाशिकला उतराल तेव्हा बाहेर धो-धो पाऊस असेल आणि गिटार तीन आठवडे कोरड्या हवेत राहिलेली असेल. घरी आल्या आल्या केस उघडू नका, कितीही मन झालं तरी एक अख्खा दिवस तशीच बंद ठेवा, मग उघडा, आतली पाकिटं बदला आणि पहिला आठवडाभर वाजवून झालं की परत केसमध्येच ठेवा. अॅक्शन वर आलेली वाटली तरी लगेच मानेचा बाक बदलणारा आतला रॉड फिरवायला कुणाला देऊ नका, दोन-तीन आठवडे थांबा, लाकूड आपोआप जागेवर येतं. तेवढ्या दिवसांत वर्गात फोनवर केलेली रेकॉर्डिंग ऐकून काढा. रेकॉर्ड करायच्या आधी शिक्षकाला विचारायचं, बहुतेक जण हो म्हणतात, आणि प्रत्येक फाइलला त्याच रात्री तंबूत नाव द्या, नाहीतर नाशिकला आल्यावर चाळीस फाइल्समध्ये तो मोकळ्या तारांचा फटका कुठं सांगितला होता ते सापडत नाही.